छपरावरची फांदी कुणाची?

सकाळी साडेसातला झाडवाले खांद्यावर शिडी घेऊन फाटकातून आत आले, तेव्हा अंगणातल्या तुतीला चार लाल पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि घरातलं एकही माणूस स्वतःचे हात दाखवायला तयार नव्हतं.

ठरली होती एकच पट्टी. तीही न्याहारी झाल्यावर, सगळ्यांच्या समक्ष, सर्वानुमते बांधायची होती. पण 'सर्वानुमते' हा शब्द या घरात आजवर फक्त बोलला गेला होता, तसं काही घडताना कुणी पाहिलं नव्हतं.

धाकटीने वरच्या खिडकीतून पट्ट्या मोजल्या आणि तिला हसू आवरेना. लाल कापडाचं भेंडोळं तिचंच, पुस्तकांच्या पाठीला लावायचं. काल जेवणं झाल्यावर तिने ते खाली कपाटावर ठेवलं होतं. आता एक पट्टी दादाच्या फांदीवर होती, म्हणजे ती ताईने बांधलेली. एक ताईच्या फांदीवर, म्हणजे दादाने. तिसरी थेट बुंध्याला गुंडाळून वर फुलगाठ मारलेली, आणि तशी गाठ घरात एकच बाई मारते, लाँड्रीच्या गठ्ठ्यांना. वहिनींचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं की कापायचं तर बुडापासून कापा, म्हणजे माझ्या चादरींवर जांभळे डाग पडायचे थांबतील. चौथी पट्टी मात्र धाकटीची स्वतःची होती. पहाटे खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर लोंबकळून तिने ती कौलांवर टेकलेल्या शेंड्याला बांधली होती. घरात आपण एकटेच लबाड निघालो या विचाराने तिला नंतर तासभर झोप लागली नव्हती, आणि आता पाहावं तर सगळेच एका माळेचे मणी.

खालून काठीचे दोन ठोके आले. टक, टक. म्हणजे चहा झाला.

धाकटीने लाकडी मोगरी उचलून जमिनीवर एक ठोका दिला. म्हणजे आले. बाबांची खोली बरोबर तिच्या खोलीखाली होती, आणि आई गेल्यापासून नऊ वर्षं बापलेकीचं हे बोलणं एक दिवसही चुकलं नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत फांदीचं ठरलं नाही, तर सोमवारपासून ते बंद होणार होतं.

दादाने काल जेवताना ते अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. पस्तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याला साध्या आवाजात भयंकर गोष्टी सांगायची सवय झाली होती.

"हे बघ, आठ दिवसांत पाऊस येतोय," तो म्हणाला होता. "गेल्या वर्षी तुझ्या खोलीत सात बादल्या लावल्या. वाचनालयाचा तो मोठा नकाशांचा ग्रंथ भिजला, महिनाभर तू एकेक पान इस्त्री करत बसलीस. फांदी वाऱ्याने कौलं घासते, फोडते. पानं पन्हळीत तुंबतात, पाणी मागे फिरून आत उतरतं. झाडवाले फक्त उद्या मोकळे आहेत, मग पाऊस संपेपर्यंत नाहीत. उद्या फांदी उतरली तर उत्तम. नाहीतर सोमवारी टेम्पो बोलावतो. तुझं बांधणीचं प्रेस, तुझे कागद, तुझी शिवणाची चौकट आणि तू. माझ्या स्कूलशेजारचा गाळा बघून ठेवलाय."

"आणि बाबा?" धाकटीने विचारलं होतं.

"बाबा कुठे जातायत? आम्ही आहोत ना खाली!"

बाबा पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले होते.

फांदी कापायला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती फांदी आपली असायला. या घराची रीतच तशी पडली होती. बाबा जन्मभर सरकारी नोकरीत जमिनी मोजत हिंडले. लग्नानंतर घर बांधलं तेव्हा अंगणातल्या तुतीच्या तीन फांद्यांपैकी पहिली त्यांनी आईला दिली. दादा झाला तेव्हा दुसरी दादाला, ताई झाली तेव्हा तिसरी ताईला. दर वाढदिवसाला टेप लावून ज्याच्या त्याच्या फांदीचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. दरवर्षी जागा तीच राहावी म्हणून फांदीवर पांढऱ्या रंगाचं कडं काढायचं. मोजणीच्या माणसाला प्रेम करायचं म्हटलं तरी टेप लागतो, असं आई म्हणायची.

धाकटी ताईच्या मागून चौदा वर्षांनी आली. तोवर फांद्या संपल्या होत्या. "सगळं झाडच तुझं," असं तिला सांगण्यात आलं. सगळं झाड आपलं म्हणजे त्यातलं काहीच आपलं नाही, हे तिला सहाव्या वर्षी कळलं आणि त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. दादा मात्र काढायचा. "आमचं शेंडेफळ," तो पाहुण्यांना सांगायचा, "पण कुठल्या फांदीला लागलंय ते विचारू नका!" पाहुणे हसायचे. धाकटीही हसायची, आणि रात्री उशीत तोंड खुपसून दादाला शिव्या द्यायची. आता सेहेचाळिसाव्या वर्षी शिव्या संपल्या होत्या, पण पाहुण्यांसमोर ती अजूनही अर्धंच हसायची.

ज्याची फांदी त्याचंच मत, हा दुसरा नियम. त्यामुळे छपरावरच्या फांदीचा निकाल लावायला जे बसले होते, त्यांत जिच्या डोक्यावर ते छप्पर होतं तिला मतच नव्हतं. शिवाय ती फांदी नेमकी कुणाची हे कुणालाच सांगता येत नव्हतं. साठ-पासष्ट वर्षांत फांद्या एकमेकींत अशा घुसल्या होत्या की खालून बघणाऱ्याची मान मोडावी. दादा म्हणे ती ताईचीच, ताई म्हणे दादाचीच. ती आईची असेल हे दोघांच्याही मनात होतं आणि कुणीही तोंडाने म्हणत नव्हतं. धाकटीची झोप खरी उडाली होती ती त्यानेच. आईच्या फांदीवर आपण लाल पट्टी बांधून आलो असलो तर?

ती खाली आली. व्हरांड्यात बाबा आपल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर मोजणीची वही. कप देताना तिला त्यांच्या अंगठ्याच्या नखात पांढरा रंग दिसला. गेल्या आठवड्यात ते कठडा खरवडत बसले होते, तो असेल, असं तिला वाटलं.

"झोप झाली का?" बाबांनी विचारलं.

"तुमची?"

"माझी कुठली! पहाटेपासून झाडावर माणसं चढतायत, उतरतायत. एकदा वाटलं उठावं आणि रांग लावून द्यावी."

धाकटीच्या तोंडातला चहा नाकात गेला.

अंगणात झाडवाले एकटेच झाडाकडे बघत उभे होते. काटकुळा, सावकाश माणूस. प्रत्येक गोष्ट एकदाच बोलायचा, आणि समोरच्याने ती ऐकली नाही तर दोष समोरच्याचा.

"लाल पट्टी तिथं करवत," ते म्हणाले. "फोनवर असंच ठरलं होतं साहेब."

"बरोबर," दादा म्हणाला. त्याने हातमोजे घातले होते. भर उन्हाळ्यात, लोकरीचे.

"चार पट्ट्या आहेत."

"चार?" दादा वर बघत म्हणाला. "कमालच झाली. मी एकच..." आणि तो थांबला.

"एकच काय?" ताई व्हरांड्यातून कडाडली. ताई मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. तिच्या आवाजाने तापसुद्धा उतरतो असं तिथल्या नर्सेस म्हणायच्या. कालच्या गाडीने ती खास स्वतःची फांदी वाचवायला आली होती. "काय एकच? बोल ना! माझ्या फांदीवर तू चढलास! चौसष्टाव्या वर्षी! गुडघ्याला पट्टा लावून!"

"आणि माझ्या फांदीवर कोण चढलं? खारीने बांधली का ती गाठ? ती बँडेजची गाठ आहे, मला काय ओळखू येत नाही?"

"मी पहाटे उठलेच नाही."

"मग कोपर जांभळं कसं?"

ताईने कोपर पदराखाली घेतलं. "ते औषध आहे. हॉस्पिटलचं. जखमेला लावतात."

"जखम कुठे झाली?"

"झाडावर..." ताई म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडावर हात मारला. तो हातही जांभळा होता.

तुती पिकून लगडली होती. फांदीला नुसतं टेकलं तरी रंग अंगाला लागायचा आणि दोन-दोन दिवस जायचा नाही. धाकटी खाली आल्यापासून मुठी मिटून होती. आता तिने त्या उघडल्या. उजव्या पंजापासून कोपरापर्यंत ती जांभळी होती, आणि गालावर एक पट्टा होता तो तिला कुणी सांगितलाच नव्हता.

"अगंबाई, हीसुद्धा!" वहिनी हातातली बादली खाली ठेवत म्हणाल्या. "मला वाटलं ही एकटी तरी साधी आहे."

"तुम्ही तर अख्खं झाडच बांधून ठेवलंत वहिनी!" धाकटी म्हणाली.

"मग? मी लपवलंय का? हे बघा माझे हात." वहिनींनी दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत जांभळे. "वीस वर्षं लोकांच्या पांढऱ्या चादरी या झाडाखाली वाळत घालतेय मी. या घरात आल्यापासून पांढरा रंग कसा असतो तेच विसरलेय."

दादाने हातमोजे काढले. सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं, आणि मग आधी वहिनी फुटल्या, त्यांच्यामागून ताई. ताई हसायला लागली की खांब धरायची. दादाचा उजवा पाय नेहमीसारखा जमिनीवर ब्रेक दाबत होता, पण हसू काही थांबेना. बाबा खुर्चीत हलत होते आणि डोळे पुसत होते.

झाडवाले हसले नाहीत. त्यांनी कमरेची करवत काढली.

"म्हणजे चारही?" त्यांनी विचारलं. "बुंध्यापासून सुरू करतो. बाकीचं आपोआप येईल."

"नाही!" पाच माणसं एकदम ओरडली.

या घरात सर्वानुमते काही झालं ते हे पहिलंच, असं नंतर दादा सांगायचा.

धाकटी पुढे झाली. मत नसलेल्या माणसाला एक सोय असते, त्याने काहीही विचारलं तरी कुणाचं बिघडत नाही. "झाडवाले," ती म्हणाली, "छपरावर ती पट्टी आहे ना, शेंड्याला, ती मी बांधलीय. कौलांवर टेकतोय तो तोच शेंडा. तिथून उलटं मागे मागे या, आणि सांगा ती कुठून निघते. फक्त सांगा. करवत खाली ठेवा."

झाडवाल्यांनी करवत खाली ठेवली, कुठली फांदी कुणाची ते दादाकडून समजून घेतलं, कमरेला दोर बांधला आणि ते वर गेले. पाच चेहरे वर झाले. पानांत त्यांचा हात दिसायचा, मग पाय, मग नुसती फांदी हलायची आणि तुती टपाटप खाली पडायच्या.

"दादासाहेबांच्या फांदीवरून जातेय," वरून आवाज आला.

"झालं!" ताई टाळी वाजवून म्हणाली. "मी काय सांगत होते?"

"वरून जातेय. त्यातली नाही."

"झालं!" दादा म्हणाला.

"ताईंच्या फांदीखालून घुसलीय. त्यातलीपण नाही."

आता हसू बंद झालं. ताईने न बघताच दादाचा दंड धरला. काल रात्रीपासून एकमेकांना पाण्यात पाहणारी ही दोन माणसं आता एका बाजूला उभी होती, कारण उरली होती ती एकच फांदी. आईची निघाली तर धाकटी ती कापू देणार नव्हती. बादल्या लावेन, ताडपत्री घालेन, नाहीतर जाईन त्या गाळ्यात. तिने मनातल्या मनात टेम्पोत प्रेस चढवलंसुद्धा.

"आईसाहेबांची..." झाडवाले म्हणाले, आणि पानं बाजूला सारायला लागले.

"अहो बोला ना!" वहिनी ओरडल्या.

"आईसाहेबांचीपण नाही. ही चौथी आहे. खालून निघालीय, भिंतीच्या अंगाने."

"चौथी नाहीच आहे," दादा म्हणाला. "झाडाला फांद्या तीन. मी जन्मापासून बघतोय."

"समोरून बघताय साहेब. हिला बघायला बोळात यावं लागतं."

बुंधा आणि घराची भिंत यांच्यामध्ये जेमतेम दीड हाताचा बोळ होता. दादा त्यात शिरायला गेला आणि पोटाशी अडकला. त्याला वहिनी आणि ताईने मिळून मागे ओढला. ताईने स्वतः प्रयत्नही केला नाही. झाडवाले वरून दोर सोडून अलगद त्या बोळात उतरले आणि दिसेनासे झाले.

"हिच्यावरपण कडं आहे," आतून आवाज आला. "छातीच्या उंचीवर. पांढरं."

"कसलं कडं?"

"मोजायचं. तुमच्या बाकीच्यांवर आहे तसंच. हे ताजं आहे, साहेब. बोटाला लागतंय."

धाकटीला बाबांच्या अंगठ्याचं नख आठवलं. कठड्याचा रंग हिरवा होता. तो जन्मापासून हिरवाच होता, आणि तिला सकाळी ते सुचलंसुद्धा नव्हतं.

ती वळली. बाबांनी मांडीवरची वही उलटी केली होती, म्हणजे शेवटचं पान वर येईल अशी, आणि ती तिच्यासमोर धरली होती.

"वाच," ते म्हणाले.

"मी?"

"तूच. मोठ्याने नको वाचूस हवं तर."

आता धाकटीच्या धंद्याचा नियम सांगायला हवा. ती पुस्तकं बांधायची, आणि जे शिवायचं ते वाचायचं नाही हा तिचा नियम होता. त्यामुळेच गावातले डॉक्टर त्यांची रजिस्टरं, म्हातारे त्यांच्या रोजनिश्या आणि नवऱ्यामागे राहिलेल्या बायका त्यांची जुनी पत्रं बिनघोर तिच्याकडे द्यायच्या. बाबांची ही वही तिने दोनदा बांधली होती. जुनी शिवण उसवली, पानं सारखी केली, नवी दोरी ओवली, पाठ लावली. दोन्ही वेळा प्रत्येक पान तिच्या हाताखालून गेलं होतं आणि दोन्ही वेळा तिने फक्त कडा पाहिल्या होत्या.

वहीच्या शेवटच्या पानावर बाबांच्या मोजणीखात्यातल्या सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'धाकटी'. खाली पहिली नोंद, तिच्या जन्माच्या दिवसाची. 'करंगळीएवढी. टेप बसत नाही. दोऱ्याने मोजली.' दुसऱ्या वर्षी, 'अंगठ्याएवढी. दोन पानं किड्याने खाल्ली, बाकी प्रकृती उत्तम.' सहाव्या वर्षी, 'साडेपाच इंच. आज विचारत होती, माझी कुठली. सांगितलं नाही.' पानामागून पान. एकही वर्ष सुटलेलं नव्हतं. तिचं लग्न मोडलं त्या वर्षी फक्त आकडा होता आणि आकड्यापुढे लिहिलं होतं, 'हिला काही झालेलं नाही.' ते फांदीबद्दल होतं की तिच्याबद्दल, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. शेवटची नोंद परवाची, तिच्या वाढदिवसाची.

"बाबा," ती म्हणाली, आणि पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं.

"तू झालीस त्याच दिवशी मला ती दिसली," बाबा म्हणाले. "भिंतीकडून कोंब फुटला होता. मी आईला येऊन सांगितलं, हिचीपण आली. तर आई म्हणाली, घराच्या अंगाला आहे ती, छपरावर जाणार, आज ना उद्या कापावी लागणार. पोरीला द्यायची आणि मग तिच्या डोळ्यांदेखत कापायची? त्यापेक्षा सांगूच नका. मला पटलं. मग मी सांगितलं नाही." ते थांबले. "पण कापलीपण नाही."

"सेहेचाळीस वर्षं?" दादाने विचारलं. "बाबा, दर उन्हाळ्यात कौलं बदलत होतात तुम्ही! मी तुम्हाला ओरडायचो, फांदी कापा म्हणून!"

"कौलं बाजारात मिळतात," बाबा म्हणाले.

ताई एव्हाना उघड रडत होती. मेट्रन असल्याने ती रडतानाही ताठ उभी राहून रडायची.

"मला तरी सांगायचं होतं," धाकटी म्हणाली. "एवढं वय झालं माझं."

"सांगायचंच होतं गं. तोंडाने जमेना. म्हणून वही तुझ्याकडे बांधायला दिली. म्हटलं, वाचेल. नाही वाचलीस. दहा वर्षांनी परत दिली. ती उसवलीसुद्धा नव्हती, मीच चाकूने उसवली. तरी नाही वाचलीस! असला कसला धंदा करतेस तू?"

धाकटीला रडू आणि हसू एकदमच आलं. दोन्ही मिळून जो आवाज निघाला, त्याने वहिनींच्या दोरीवरचा कावळा उडाला. ती खाली बसली आणि तिने बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बाबांनी तिच्या गालावरचा जांभळा पट्टा अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. तो गेला नाहीच, वर पांढरा लागला.

"मग ठरवा," बोळातून आवाज आला. झाडवाले अजून आतच होते. "मला दुपारी दुसरीकडे जायचंय."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिला मत होतं, आणि तेही एकटीला.

"कापू नकोस," ताई नाक पुसत म्हणाली. "मी सांगते ना, कापू नकोस. बादल्या मी पाठवते हॉस्पिटलातून."

"कापायची नाही तर वर राहायची कशी?" दादा म्हणाला. "आणि मला ती त्या गाळ्यात नकोय. तिथे वारा येत नाही. मी बघून आलोय."

"अरे, तूच तर टेम्पो बोलावत होतास!"

"तेव्हा तिची फांदी नव्हती!"

"माझ्या चादरींचं काय?" वहिनींनी विचारलं, पण जरा हळूच.

धाकटी उठली आणि बोळाच्या तोंडाशी गेली. ती काटकुळी होती, बाबांच्या अंगकाठीवर गेलेली. ती सहज आत शिरली. फांदी तिच्या छातीशी होती, चांगली जाड, गार. कडं खरंच ओलसर होतं. तिने तळहात त्याच्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. झाडवाल्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

"छप्पर वाचवायला किती कापावी लागेल?" तिने विचारलं.

"अख्खी कापायचं कारणच नाही. वर या, दाखवतो." आणि ती वर गेली नाही म्हणून त्यांनी बोटाने दाखवलं. "तिथं तिला फाटा फुटलाय. एक छपरावर जातो, एक अंगणाकडे. छपराचा तेवढा काढायचा. कौलांपासून दीड माणूस अंतर राहील. मग घासणार नाही, उंदीर-खारी उड्या मारून येणार नाहीत. अंगणाकडचा फाटा ठेवायचा, फांदी तिकडे वाढत राहील. पन्हळीला जाळी लावा, बास."

"आणि ही? इथली?"

"हिला काय होतंय? छपराचं सगळं पाणी हिच्या मुळाशी पडतं. तुम्हाआम्हाला पोचवून राहील."

"मग कापा," धाकटी म्हणाली. "माझी आहे, मी सांगते. कापा."

हे तिने एवढ्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली.

पुढचा तासभर त्या अंगणात कुणीच शहाण्यासारखं वागलं नाही. झाडवाल्यांनी आधी खालून थोडी करवत चालवली, साल सोलत जाऊ नये म्हणून, मग हातभर पुढे वरून. फांदी कौलांवर आदळू नये यासाठी तिला दोर बांधून तो वरच्या बेचक्यातून खाली सोडला होता, आणि तो धरायला दादा, ताई, वहिनी, धाकटी अशी ओळ लागली. दादा पुढे उभा राहून "क्लच, क्लच, हळू सोडा, ब्रेक!" असं ओरडत होता. फांदी सुटली, घराकडून डौलात फिरली, अंगणावर आली, आणि ताईला नेमकी तेव्हाच शिंक आली. दोर सरकला. फांदी दाणकन खाली बसली, आणि तिच्यावरची सगळी पिकली तुती एकदम उधळली. दादाचं टक्कल, ताईचा पदर, वाळत घातलेल्या बारा चादरी, शेजारच्या बाईंची खिडकी, काहीच सुटलं नाही.

सगळे वहिनींकडे बघायला लागले.

वहिनींनी कपाळावरची तुती बोटाने काढली, बघितली आणि तोंडात टाकली. "गोड आहे हो," त्या आश्चर्याने म्हणाल्या. "वीस वर्षांत चाखलीच नव्हती." मग त्यांनी एक जांभळी झालेली चादर दोरीवरून ओढली आणि नवऱ्याच्या डोक्यावरून टाकली. तिथून पुढे कोण कुणाला तुती मारतंय याला धरबंध राहिला नाही.

झाडवाल्यांनी उरलेला खुंट सफाईने काढला, सामान आवरलं, आणि जाताना बाबांना म्हणाले, "पुढच्या वेळी पट्टी एकच बांधा."

दुपारी बाबांनी टेप मागवला. आज कुणाचाच वाढदिवस नव्हता, पण नियमाची आज कुणाला पर्वा नव्हती. धाकटी टेप घेऊन बोळात गेली आणि बाहेर सगळे आकडा ऐकायला उभे राहिले.

"एकोणचाळीस!" आतून ती ओरडली.

"इंच?" दादाचा चेहरा पडला. "माझी सदतीस आहे. ती अठरा वर्षांनी लहान आहे! टेप सैल असेल. नीट धर. परत मोज."

तिने परत मोजलं. एकोणचाळीसच भरली. "साडेएकोणचाळीस म्हणायला हरकत नाही," ती म्हणाली आणि मग इतकी हसली की बोळातून बाहेर येता येईना.

संध्याकाळी, ताई गाडीला गेल्यावर, बाबांनी तिला हाक मारली. त्यांनी वही पुढे केली.

"जरा बांधून दे. शिवण उसवलीय."

धाकटीने वही उघडून बघितली, मिटली, पाठीवरून बोट फिरवलं. शिवण अगदी शाबूत होती.

"हो," ती म्हणाली. "बरीच उसवलीय. दोन-तीन दिवस लागतील."

ती वर गेली. खिडकीतून आज पहिल्यांदा थेट टेबलापर्यंत ऊन येत होतं. तिने सुई-दोरा बाजूला सारला, वही उन्हात उलटी धरली आणि करंगळीपासून वाचायला सुरुवात केली.